ठिपका निजामपुरात

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी कोंडिबा पडळघऱ्यांच्या गाडीचा हिरवा ठिपका पिवळा झाला.

ठिपका निजामपूरच्या नाक्यावर, विठ्ठलरावांच्या चहाच्या टपरीपाशी होता. सहा वाजून पाच मिनिटांपासून तो तिथून हललेला नव्हता. गाडीत पंपांचे सुटे भाग होते, नऊ टन. पिरंगुटच्या कारखान्यातून पहाटे चारला निघालेला हा माल साडेआठच्या आत माणगावच्या गोदामात उतरायचा होता.

उत्कर्षाने पडद्यावरची नजर काढून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे. पुण्याजवळच्या माणमधल्या या घराच्या तळमजल्यावर पडळघऱ्यांच्या मालवाहतुकीचं ऑफिस होतं. वरच्या तीन मजल्यांवर आयटीतली मुलं भाड्याने राहत आणि सातच्या सुमाराला जिन्यावर त्यांच्या बुटांचे आवाज सुरू होत. बाहेर अंगणात सासरे, हैबतराव, दात घासत होते. नवरा, शैलेश, आत इस्त्री करत होता. आज अकरा वाजता पंपांच्या कंपनीबरोबर पुढच्या तीन वर्षांचा करार व्हायचा होता. कागदावर चार भागीदारांच्या सह्या लागणार होत्या. हैबतराव, त्यांचा धाकटा भाऊ कोंडिबा आणि दोन मुलगे, शैलेश आणि अमोघ.

ठिपका गाडीचा नाही, हे त्या क्षणी ऑफिसात फक्त उत्कर्षाला माहीत होतं.

कंपनीचं ॲप ड्रायव्हरच्या फोनवर चालायचं. ते गाडी पाहत नव्हतं, फोन पाहत होतं. उशीर झाला, वाट सोडली, नेमून न दिलेल्या जागी पंधरा मिनिटांहून जास्त थांबलं की गुण कापले जात. उद्याचा माल कुणाच्या गाडीत भरायचा हे त्या गुणांवर ठरायचं. पूर्वी कारखान्याच्या गेटवर एक माणूस असायचा. त्याला फोन केला की गाडी लागायची आणि त्याच्या मुलीच्या लग्नात पडळघऱ्यांनी दोन गाड्या फुकट दिल्या होत्या. तो माणूस दोन वर्षांपूर्वी घरी बसला.

कोंडिबाची अडचण एकच होती. ताम्हिणी घाट उतरण्याआधी तो अर्धा-पाऊण तास गाडी उभी करायचा, एकेका चाकाला हात लावून बघायचा आणि मगच खाली निघायचा. कंपनीने मंजूर केलेला थांबा मात्र घाट उतरल्यावर, निजामपूरला होता, एक तासाचा. घाटमाथ्यावरचा थांबा ॲपला मान्य नव्हता. जूनमध्ये त्यापायी दोनदा लाल शेरा पडला. जुलैपासून कोंडिबाचा फोन अमोघच्या पिकअपमधून पुढे जाऊ लागला. अमोघ रोज पहाटे कोंबड्यांचं खाद्य घेऊन त्याच रस्त्याने माणगावला जायचा. फोन टपरीवर ठेवायचा आणि पुढे व्हायचा. मागून कोंडिबा यायचा, चहा प्यायचा, फोन खिशात टाकायचा. पडद्यावर गाडी न थांबता घाट उतरलेली दिसायची आणि नेमल्या जागी विश्रांती घेतलेली.

तीन महिन्यांत गुण ब्याऐंशीवरून एक्याण्णववर गेले. कराराला नव्वद लागत होते.

रोज सातच्या आत टपरीवर येणारी कोंडिबातात्यांची गाडी आज आलेली नव्हती. उत्कर्षाने अमोघला फोन लावला.

"भाऊजी, तात्या टपरीवर भेटले का?"

"मी माणगावात हाय, वैनी. फोन ठिवला आन आलो. का?"

"गाडी अजून आली नाही."

"येतील की. धुकं लई हाय आज. मला माझाच बॉनेट दिसत नव्हता."

"सात वाजून गेले, भाऊजी."

पलीकडे पोतं आपटल्याचा आवाज आला.

"निघतो," अमोघ म्हणाला. "दादाला सांगू नगा येवढ्यात."

कोंडिबाची बायको साळूबाई रोज सव्वासातला नवऱ्याला फोन करायची. बोलणं तीन शब्दांचं. "उतरला का?" "व्हय." "बरं." त्यावर तिचा दिवस सुरू व्हायचा. कोंडिबा एकोणसाठ वर्षांचा होता. ऑफिसात बसायला भाऊ दहा वर्षं सांगत होता. खुर्चीत बसलं की पाठ दुखते, असं त्याचं उत्तर असायचं आणि गाडीच्या सीटवर दुखत नाही का, असं विचारायची सोय नव्हती.

आज फोन दुसऱ्याने उचलला.

"मी टपरीवरनं बोलतोय, विठ्ठलराव. मालक अजून आले नाहीत. सारखा वाजतोय म्हणून उचलला."

"त्यांचा फोन तुमच्याकडं कसा?"

"रोजच असतो की, वहिनी."

साळूबाईने फोन बंद केला. दोन घरांमधल्या बोळातून ती चालत आली आणि ऑफिसच्या दारात उभी राहिली. हाताला पीठ होतं. आत हैबतराव खुर्चीत बसले होते, शैलेश कडक इस्त्रीच्या शर्टात उभ्या उभ्या कागद चाळत होता.

"ह्यांचा फोन रोज टपरीवर असतोय म्हनं," ती म्हणाली. "कुनी सांगंल का मला?"

"कसला फोन, काकी?" शैलेश म्हणाला.

हैबतरावांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. उत्कर्षा बोलली. तिने सगळं सांगितलं, जुलैपासून, क्रमाने. बार्शीच्या शाळामास्तरांची मुलगी होती, हिशेबात किंवा सांगण्यात गाळायची सवय नव्हती. शैलेशचा चेहरा ऐकता ऐकता उतरत गेला.

"तीन म्हैने?" तो म्हणाला. रागावला की त्याची ऑफिसातली भाषा सुटायची. "माझ्या नाकाखाली? मी तिकडं कंपनीत छाती काढून सांगतोय, आमचा रेकॉर्ड बघा म्हणून! ही अक्कल कुणाची?"

उत्कर्षाने सासऱ्यांकडे पाहिलं नाही.

"माझी," ती म्हणाली.

हैबतरावांनी पंच्याने तोंड पुसलं. एकदा पुसलेलं परत पुसलं.

"ते ऱ्हाऊ द्या," साळूबाई म्हणाली. "माणूस कुटं हाय?"

"अमोघ खालून वर निघालाय," उत्कर्षा म्हणाली. "काकी, पोलिसांना कळवू आपण. आत्ताच."

"थांब," शैलेश म्हणाला. "पोलिसांत गेलं की ते पहिलं कंपनीला विचारणार. कंपनी म्हणणार, गाडी निजामपुरात आहे. मग आपण काय सांगायचं? ब्रेक तापले असतील, टायर बसला असेल. तात्याला घाट नवा हाय का? तासाभरात अमोघची गाठ पडेल. पडली की मिटलं."

"आन न्हाई पडली तर?"

शैलेशने वडिलांकडे पाहिलं.

"तास थांबू," हैबतराव म्हणाले.

"कुणाचा तास, भावजी?" साळूबाई म्हणाली. ती दारातून हलली नाही.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी अमोघ अर्धा घाट चढून आला होता. ऑक्टोबर लागला तरी कड्यांवरून पाणी निथळत होतं आणि ढग रस्त्यावर बसला होता. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे दहा हातांवर आल्याशिवाय दिसत नव्हते. तो दुसऱ्या गिअरमध्ये, काच खाली करून, हॉर्न देत चालला होता. प्रत्येक वळणावर दरीच्या बाजूचा कठडा बघत होता. कठडा शाबूत दिसला की श्वास सोडायचा आणि पुढच्या वळणाला परत धरायचा.

पहाटे पौडच्या पुढे दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या. कोंडिबाने केबिनमधून हात खाली करून फोन दिला होता.

"घे. सासूबाईला जपून ने."

ॲपवरची बाई थांबलं की बोलायची, वळलं की बोलायची, म्हणून त्याने फोनचं नाव सासू ठेवलं होतं.

"तात्या, येक दिवस सासूला घिऊन चला की संगं," अमोघ म्हणाला होता.

"तिला घाट लागतोय बाबा. वकारी करती लाल."

दोघं हसले होते. अमोघ पुढे निघाला होता. आरशात काही वेळ मागचे दिवे दिसले, मग धुकं आलं.

एका वळणावर मक्याची कणसं विकणारी बाई शेगडी पेटवत होती. त्याने तिला विचारलं. मोठी गाडी पाहिली नाही, म्हणाली. ती आत्ताच आली होती. घाटमाथ्यावरच्या डोंगरवाडीला पोचल्यावर फोनला एक कांडी रेंज आली. नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती.

"वैनी, खालपासनं वरपातूर आलो," तो म्हणाला. "गाडी न्हाई."

"रस्त्यावर काही खुणा? कठडा?"

"कठडा धड हाय. म्या समदा बघितला." त्याने मागे रस्त्याकडे पाहिलं. "म्हंजी दिसला तेवढा बघितला."

नऊ पंचवीसला कंपनीचा मेल आला. कराराचा मसुदा आणि सह्यांची लिंक. चारही भागीदारांच्या फोनवर सहा आकड्यांचा सांकेतिक क्रमांक येईल, तो दहा मिनिटांत भरायचा, की सही झाली. अकराच्या बैठकीआधी सह्या पुऱ्या हव्यात, असं खाली लिहिलं होतं.

शैलेशने मेल दोनदा वाचला. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. जमीन आयटी पार्कात गेली त्या वर्षी गावातल्या त्याच्या वयाच्या पोरांनी मोठ्या जीपगाड्या घेतल्या, पडळघऱ्यांनी ट्रक घेतला. आज चौदा होते. गेल्या वर्षी जवळच्याच गावातल्या एका ट्रान्सपोर्टरचे गुण ऐंशीच्या खाली गेले. त्याला कुणी काढलं नाही, कुणी पत्र दिलं नाही. फक्त माल लागायचा बंद झाला. त्याच्या नऊ गाड्या अजून सूसच्या रस्त्याला उभ्या होत्या आणि त्यांच्या चाकांत गवत उगवलं होतं. कुणाशी भांडायचं हेच त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. शैलेशला रात्री झोपताना ते गवत दिसायचं.

त्याने स्वतःचा क्रमांक भरला. वडिलांचा फोन उचलून त्यांचा भरला. अमोघला रेंज होती तोवर त्याच्याकडून विचारून घेतला. अमोघने न विचारता सांगितला, त्याला कशाचा आकडा हेही कळलं नाही.

मग त्याने निजामपूरला फोन लावला.

"विठ्ठलराव, शैलेश पडळघरे. तात्यांच्या फोनवर आत्ता एक मेसेज आला असेल बघा. सहा आकडे. फोन उघडायची गरज नाही, वरच दिसतील."

"थांबा, चष्मा आणतो," पलीकडून आवाज आला.

"शैलू," साळूबाई म्हणाली. "कशाचं आकडं?"

"सहीचे, काकी."

"कुणाच्या?"

विठ्ठलराव वाचू लागले. चार. सात. शैलेशने दोन आकडे भरले.

"माणूस सापडंना आन तुमी त्याची सही घेताय?"

"काकी, ते आले की कुणाच्या तोंडात घास जाणार आहे? त्यांच्याच ना? चौथाई त्यांची आहे. उद्या ते इथं उभे राहतील आणि करार गेलेला असेल, तर मी त्यांना काय सांगू?"

"त्यास्नी इथं हुबं करा, मंग सांगा काय बी."

"शून्य. दोन," विठ्ठलराव म्हणाले. "हॅलो? लिहिलंत का?"

शैलेशचं बोट पडद्यावर थांबलं होतं. त्याने वडिलांकडे पाहिलं.

"भर," हैबतराव म्हणाले.

उत्कर्षा खुर्चीतून उठून सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "मघाशी मी खोटं बोलले. तुमची लाज राखायला बोलले. आता नाही राखत." ती नवऱ्याकडे वळली. "फोन पुढं पाठवायचं मामांनी सांगितलं. जूनच्या अखेरीस. दुसरा लाल शेरा पडला त्या दिवशी, इथंच, या खुर्चीत बसून. तात्या नको म्हणत होते. फोन नसला तर घाटात मी मुका होईन, असं म्हणाले होते."

साळूबाईने दिराकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत तिने त्यांच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

"व्हय," हैबतराव म्हणाले. "म्या सांगितलं." त्यांनी पंच्याची घडी केली. "घाट उतरायच्या आदी गाडी थंड करायची, ह्ये त्याला म्याच शिकीवलं. पयला ट्रक हुता तवा. येकदा न थांबता उतरला, तर म्या त्याला चार मान्सांत थोबडावला हुता. त्या दिसापासनं त्यो थांबत आला. आता कंपनी म्हनती, थांबू नगं. त्यानं कुणाचं आयकायचं? म्या म्हनलं, दोघांचं बी आयक. त्याला येकच वाट दिसली मला."

"आबा, आणि आत्ता भर म्हणालात?" शैलेश म्हणाला.

"म्हनलो."

"का?"

"सवय," हैबतराव म्हणाले. "दुसरं काय."

फोनमध्ये विठ्ठलराव अजून हॅलो हॅलो करत होते. शैलेशने फोन ठेवला. पडद्यावर दोन आकडे राहिले, मग मुदत संपल्याची ओळ आली आणि चौकोन रिकामे झाले.

नऊ वाजून एक्कावन्न मिनिटांनी उत्कर्षाने कंपनीच्या वाहतूक विभागात क्षितिजाला फोन लावला. लावण्याआधी तिने कुणाला विचारलं नाही. स्पीकर चालू ठेवला. दोघी दोन वर्षं रोज बोलत होत्या, प्रत्यक्ष कधी भेटल्या नव्हत्या. कंपनीच्या दिवाळी भेटीबरोबर क्षितिजाने एकदा स्वतःकडून तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या.

"क्षितिजा, गाडी निजामपूरला नाही. तिथं फक्त ड्रायव्हरचा फोन आहे. गाडी घाटात कुठंतरी आहे आणि ड्रायव्हर सापडत नाहीये. त्यांच्याकडे फोन नाही."

"माहितीये," क्षितिजा म्हणाली.

उत्कर्षाने फोन जवळ ओढला.

"म्हणजे?"

"मालाच्या दरवाजाला आजपासून नवं सील लावलंय ना, त्यात सिम आहे. ट्रायल चालू आहे, ट्रान्सपोर्टर्सना सांगितलेलं नाही. सहा वीसला सिस्टिमला फोन आणि सील एकमेकांपासून वीस किलोमीटरवर दिसले. तिने चोरीचा अलर्ट टाकला."

"सहा वीसला? आणि तुम्ही आम्हाला फोन नाही केला?"

"चोरीच्या अलर्टमध्ये ट्रान्सपोर्टरला कळवायचं नाही, असा नियम आहे. ट्रान्सपोर्टर सामील असू शकतो. उत्कर्षा, आमच्या सिक्युरिटीने साडेसातला पोलिसांकडे तक्रार दिलीये. ड्रायव्हरच्या नावाने. सगळीकडच्या नाक्यांवर कळवलंय. पुण्याकडे येणाऱ्या गाड्या तपासतायत."

"चोर म्हनत्यात व्हय त्यास्नी?" साळूबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "म्हंजी पोलिस शोधत्यात. पर पळालेला माणूस शोधत्यात. पडलेला कोन शोधतंय?"

 

हैबतराव उठले आणि टेबलापाशी आले. फोनवर वाकून बोलायची गरज नव्हती, तरी वाकले.

"बाई, मी हैबतराव पडळघरे. कोंडिबाचा थोरला भाऊ. फोन म्होरं धाडायचं माझं काम हाय. त्याचं न्हाई. पोरांचं बी न्हाई. त्यानं कसली चोरी केली न्हाई."

"हे तुम्ही लिहून द्याल का, आजोबा?"

"देतो."

"मग मला एक गोष्ट आधी सांगायला हवी. लिहून दिलंत की मला ते वर पाठवावं लागेल. अकराची मीटिंग होणार नाही. पुढं काय, ते माझ्या हातात नाही. नाही दिलंत, तर चोरीची तक्रार आहे तशी राहील."

हैबतरावांनी थोरल्या मुलाकडे पाहिलं. कागद शैलेशनेच पुढे ओढला आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. इस्त्रीच्या शर्टाला शाई लागली, ते त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने सात ओळी लिहिल्या. हैबतरावांनी सही केली, एकेक अक्षर काढत. दहा वाजून चार मिनिटांनी उत्कर्षाने कागदाचा फोटो पाठवला.

दहा वाजून सहा मिनिटांनी क्षितिजाने सीलचं ठिकाण पाठवलं. पाच बावीसपासून ते एका जागी होतं. डोंगरवाडीच्या खाली दोन किलोमीटर, जिथे जुन्या रस्त्याचा तुकडा नव्या रस्त्यापासून फुटून करवंदीच्या जाळीमागे जातो. खाली तिने लिहिलं होतं : सील उघडलेलं नाही.

अमोघ त्या जागेवरून तासाभरापूर्वी गेला होता. दरीच्या बाजूला बघत गेला होता. जुना रस्ता डोंगराच्या बाजूला होता.

रेंज मिळून निरोप पोचेपर्यंत वेळ गेला, दहा चाळीसला तो तिथे पोचला. गाडी नीट उभी होती. मागच्या दोन्ही चाकांखाली दगड लावलेले होते, हाताने निवडून आणलेले, चाकाच्या गोलाईला बसतील असे. डाव्या मागच्या चाकाशी ब्रेकच्या हवेचा पाइप चिरलेला होता आणि त्याला केबिनमधल्या फडक्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या होत्या. चिंध्या असल्या तरी त्या पाइपवर घाट उतरता येणार नाही, हे अमोघला बघताक्षणी कळलं. कोंडिबालाही कळलं असणार. गाडी थंड करायला थांबला नसता, तर चीर खालच्या तीव्र उतारावर समजली असती. दरवाजाला सील होतं. केबिनला कुलूप होतं.

अमोघने हाका मारल्या. जाळीत शिरला, जुन्या रस्त्याच्या शेवटापर्यंत गेला, परत आला. मग डोंगरवाडीपर्यंत गाडी हाणून त्याने घरी फोन केला.

"गाडी हाय," तो म्हणाला. "तात्या न्हाई."

साळूबाईने तोवर पिठाचे हात धुतले नव्हते. तिने ते आत्ता धुतले, चप्पल घातली आणि शैलेशला म्हणाली, "चल." शैलेशने किल्ली घेतली. हैबतरावही उठले.

"तुमी बसा, भावजी," ती म्हणाली. "फोनपाशी कोनतरी पायजे."

ते बसले.

साडेअकराला पोलिसांची जीप गाडीपाशी पोचली. चोरीची तक्रार कंपनीने मागे घेतल्याचं त्यांना तोपर्यंत कळलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी आधी अमोघलाच तासभर प्रश्न विचारले. फोन तुझ्याकडे का होता? माल कुणाला विकणार होतात? साळूबाई आणि शैलेश पोचल्यावर, क्षितिजाचा मेल दाखवल्यावर, शोध घाटाच्या खालच्या बाजूला सुरू झाला. डोंगरवाडीची अकरा माणसं दोर घेऊन आली. धुकं दुपारी एकला उठलं.

माणमध्ये पडद्यावर अकरा वाजता एक ओळ आली होती : बैठक स्थगित. बाराला पडळघऱ्यांच्या चौदाही गाड्यांचे ठिपके राखाडी झाले. उद्याच्या मालाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. हैबतरावांनी ते पाहिलं आणि उत्कर्षाला विचारलं, "ह्ये बंद करता येतंय का?" तिने पडदा बंद केला. टेबलावरचा फोन मात्र चालू ठेवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यावर एका अनोळखी माणसाचा फोन आला. गावाच्या ग्रुपवर अपेक्षा नावाच्या भाडेकरू मुलीने टाकलेला कोंडिबाचा फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता. तो महाळुंग्याला राहत होता, कुटुंबाला घेऊन पहाटेच समुद्रावर निघाला होता.

"फोटोतले गृहस्थ मी पाहिले आहेत," तो म्हणाला. "सव्वासहाच्या सुमाराला. घाट उतरत चालत निघाले होते, निजामपूरकडे. डोक्याला टॉवेल होता. त्यांनी हात केला, नुसता हात नाही, दोन्ही हात. कानाला फोन लावल्यासारखं करून दाखवलं. धुकं होतं, मुलं होती गाडीत. मी थांबलो नाही."

"येकटाच हुता?" हैबतरावांनी विचारलं.

"एकटेच होते. लंगडत नव्हते, काही नाही. चांगले भराभर चालत होते."

उत्कर्षाने वेळ आणि त्याचा नंबर लिहून घेतला आणि तो पोलिसांना आणि शैलेशला कळवला. जुन्या रस्त्याच्या त्या तोंडापासून विठ्ठलरावांची टपरी एकवीस किलोमीटर आहे. वर डोंगरवाडी दोनच किलोमीटर होती, पण कोंडिबाचा फोन खाली होता. अमोघ त्याच रस्त्याने खालून वर आला होता, आठ ते नऊच्या दरम्यान. दुपारी चार वाजेपर्यंत त्या एकवीस किलोमीटरमध्ये, सव्वासहानंतर, कोंडिबाला पाहिल्याचं सांगणारं कुणीही मिळालेलं नव्हतं.